नोड दिसतात, पण संदेश पोहोचत नाही: लोरा मेश जाळ्यात पुन्हापुन्हा येणारी अडचण

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळात मोबाइलचे मनोरे बंद पडले तरी निरोप जात राहावेत, म्हणून अनेक स्वयंसेवी गट लोरा (कमी विजेवर दूरवर छोटे संदेश नेणारे रेडिओ तंत्र) रेडिओचे छोटे नोड, म्हणजे संदेश घेणारी-पाठवणारी उपकरणे, घेऊन स्वतःचे मेश जाळे उभारतात; त्यात प्रत्येक नोड इतरांचे संदेश पुढे नेऊ शकतो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी मेश्टॅस्टिक हे २०२० मध्ये सुरू झालेले मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे नोडमध्ये चालणारी प्रणाली, वापरले जाते. अशा जाळ्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. सुरुवातीला चार-पाच जणांनी चाचणी घेतली तेव्हा सगळे सुरळीत होते. पुढे नोड वाढले, यादीत तीस-चाळीस नावे दिसू लागली, आणि नेमके सगळे एकत्र सरावाला उतरले तेव्हा संदेश जाईनासे झाले. कोणाला संदेश मिळतो, त्याच्या शेजारच्याला मिळत नाही. पाठवणाऱ्याला ‘पुन्हा पाठवण्याची मर्यादा संपली’ अशा अर्थाची सूचना दिसते, पण समोरचा सांगतो की संदेश तर केव्हाच आला.

अशा वेळी गट साधारणपणे तीन उपाय करतात. हॉपची, म्हणजे संदेशाने एका नोडवरून दुसऱ्यावर घ्यायच्या उड्यांची, मर्यादा ३ वरून ७ करतात, जास्तीत जास्त नोडना राउटरची (संदेश हमखास पुढे पाठवण्याची) भूमिका देतात आणि न पोहोचलेला संदेश पुन्हापुन्हा पाठवतात. हे तिन्ही उपाय अडचण वाढवणारे आहेत, असे मी ठामपणे म्हणेन. मूळ बिघाड बहुतेक वेळा हवेतल्या गर्दीचा असतो आणि हे तिन्ही उपाय त्या गर्दीत भर घालतात. मात्र गर्दीकडे वळण्यापूर्वी इतर काही कारणे क्रमाने वगळावी लागतात, कारण त्यांची लक्षणे बाहेरून अगदी तशीच दिसतात.

खुणेचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा

चॅनेलवर, म्हणजे सर्वांसाठी पाठवलेल्या संदेशापुढे जी पोहोचल्याची खूण येते, तिचा अर्थ एवढाच असतो की तुमचा संदेश कोणत्या तरी एका शेजारी नोडने पुढे प्रक्षेपित केला आणि ते प्रक्षेपण तुमच्या नोडला ऐकू आले. तो संदेश सर्वांना मिळाला, किंवा ज्याला मिळायला हवा होता त्याला मिळाला, असे ही खूण सांगत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. समोर एकच नोड असेल आणि त्याची भूमिका ‘क्लायंट म्यूट’ असेल, तर तो संदेश घेतो, वाचणाऱ्याला दाखवतो, पण पुढे पाठवत नाही. त्यामुळे तुमच्या नोडला प्रतिध्वनी ऐकू येत नाही, तो ठरलेल्या वेळा संदेश पुन्हा पाठवतो आणि शेवटी अपयशाची सूचना देतो. संदेश मात्र पहिल्याच वेळी पोहोचलेला असतो. थेट, म्हणजे एकाच व्यक्तीला पाठवलेल्या संदेशाची पोच खुद्द त्या व्यक्तीच्या नोडकडून येते, म्हणून चाचणी घेताना थेट संदेशच वापरावेत. चॅनेलवरच्या खुणा मोजून काढलेल्या यशाच्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नये.

इंटरनेटचा पूल आधी तोडावा

हे कारण तपासायला सर्वांत सोपे आहे आणि तरीही सर्वाधिक वेळा राहून जाते. मेश्टॅस्टिकमध्ये एमक्यूटीटी नावाची सोय आहे. तिच्यामुळे एखादा नोड आपल्याला मिळालेली पाकिटे (रेडिओवरून जाणारे माहितीचे तुकडे) इंटरनेटवरील सर्व्हरकडे देतो आणि सर्व्हरकडची पाकिटे रेडिओवर आणतो. शांततेच्या काळात ही सोय आकर्षक वाटते, कारण दूरदूरचे नोड यादीत दिसू लागतात. पण वीज आणि इंटरनेट गेले की ते सगळे एकदम नाहीसे होतात आणि उरलेले खरे रेडिओ जाळे दोन-तीन तुकड्यांचे निघते. आपत्तीसाठी जाळे उभारणाऱ्यांनी हे आपत्तीच्या दिवशी शोधून काढणे योग्य नाही.

म्हणून तपासणीच्या आरंभी प्रत्येक नोडवरील एमक्यूटीटी बंद करावे, नोडची यादी पूर्ण पुसावी आणि ती पुन्हा भरू द्यावी. नोड आपली ओळख मूळ सेटिंगनुसार तीन तासांतून एकदा प्रसारित करतो, त्यामुळे यादी भरायला अर्धा दिवस लागला तर घाबरू नये. त्यानंतर जे नोड दिसतील तेच तुमचे जाळे. यादीतील ‘किती हॉप दूर’ हा आकडा आता प्रथमच खरा असतो.

सेटिंगमधील विसंगती

दोन नोड एकमेकांना ऐकण्यासाठी तीन गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात: प्रदेश, मोडेमचा प्रीसेट (रेडिओच्या वेग व पल्ल्याची तयार मांडणी) आणि वारंवारतेचा खाना. प्रदेश निवडलेला नसेल तर नोड प्रक्षेपणच करत नाही. भारतासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, अमेरिकेसाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ आणि युरोपात प्रामुख्याने ८६९.४ ते ८६९.६५ मेगाहर्ट्झ असे पट्टे आहेत. आपण जिथे नोड चालवतो तिथलाच प्रदेश निवडणे कायद्यानेही आवश्यक आहे. युरोपातील पट्ट्यात तासाच्या १० टक्क्यांहून अधिक वेळ प्रक्षेपण करता येत नाही आणि ती मर्यादा गाठली की फर्मवेअर नोडला गप्प करते, हेही तिथल्या गटांनी लक्षात घ्यावे.

वारंवारतेचा खाना ही मात्र खरी फसवी जागा आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. पट्टा जितका रुंद असेल तितके त्याचे समान खाने पडतात. २५० किलोहर्ट्झ रुंदीचे संदेश असतील तर भारताच्या २ मेगाहर्ट्झमध्ये ८ खाने बसतात, अमेरिकेच्या २६ मेगाहर्ट्झमध्ये १०४ बसतात. यांपैकी कोणता खाना वापरायचा हे फर्मवेअर आपणहून ठरवते आणि ते ठरवताना पहिल्या, म्हणजे प्राथमिक चॅनेलच्या नावावरून गणित करते. आता एखाद्या गटाने खासगीपणासाठी प्राथमिक चॅनेलचे नाव बदलले की त्याचा खाना बहुधा बदलतो, आणि तो गट आजूबाजूच्या सर्व नोडसाठी मुका व बहिरा होतो. गटातील लोकांना आपसात बोलता येते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण उंच जागी असलेला दुसऱ्या गटाचा नोड त्यांची पाकिटे पुढे नेत नाही, कारण त्याला ती ऐकूच येत नाहीत.

यावरचा उपाय सोपा आहे. प्राथमिक चॅनेल मूळ नावाचाच ठेवावा आणि स्वतःची गुप्त किल्ली (मजकूर कुलूपबंद करणारा संकेत) असलेला खासगी चॅनेल दुय्यम म्हणून जोडावा. नोड मूळ सेटिंगमध्ये असेल तर ज्या पाकिटाचा मजकूर त्याला उलगडता येत नाही तेही तो पुढे पाठवतो, त्यामुळे खासगीपणा राखूनही सगळ्या परिसराच्या नोडचा लाभ मिळतो. प्राथमिक चॅनेलच खासगी ठेवायचा असेल तर खान्याचा क्रमांक हाताने भरून सर्व नोडवर एकसारखा करावा. मूळ चॅनेलची किल्ली जगजाहीर आहे, म्हणून जखमींची नावे, पत्ते किंवा साठ्याची ठिकाणे त्यावर कधीही लिहू नयेत.

अँटेना, उंची आणि पाणी

सेटिंग जुळूनही दोन ठरावीक नोडमधला दुवा कमजोर असेल तर अँटेनाकडे पाहावे. या नोडवर येणाऱ्या एसएमए जोडणीचे (अँटेना फिरवून बसवायच्या तोंडाचे) साधा आणि उलट असे दोन प्रकार असतात आणि त्यांचे आटे एकमेकांत नीट बसतात. पण उलट प्रकारात मधली पिन दुसऱ्या बाजूला असते. चुकीची जोडी केली की एक तर दोन्हीकडे पिन नसते किंवा दोन्हीकडे असते. पिनच नसेल तर अँटेना हाताला घट्ट लागते, बाहेरून काहीही चूक दिसत नाही, आणि नोड खोलीतल्या खोलीत चालतो, कारण तेवढ्या अंतरावर जोडणीतून गळणारा सिग्नलही पुरतो. रेंज मात्र काही शे मीटरच्या पुढे जात नाही. म्हणून अँटेना काढून दोन्ही तोंडांत डोकावून पाहावे, पण ती काढण्यापूर्वी नोड बंद करावा, कारण अँटेनाविना प्रक्षेपण झाल्यास रेडिओ चिपला इजा होऊ शकते. ४३३ मेगाहर्ट्झचा अँटेना ८६८च्या नोडवर लागलेला असणे हीदेखील वारंवार आढळणारी चूक आहे. दोन्ही अँटेना दिसायला सारखेच असू शकतात, म्हणून वेष्टनावरच्या आकड्यावर न थांबता साध्या अँटेना विश्लेषकावर तपासून घ्यावे.

जास्त डेसिबलचा अँटेना आणण्याआधी आहे तोच अँटेना वर न्यावा. ८६८ मेगाहर्ट्झवर ४ किलोमीटरच्या दुव्यासाठी मधोमध फ्रेनेल क्षेत्राची (सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या जागेची) त्रिज्या सुमारे १९ मीटर असते, आणि दुवा चांगला चालण्यासाठी तिचा साधारण ६० टक्के भाग, म्हणजे ११ मीटर, मोकळा लागतो. दोन टोके एकमेकांना दिसतात, पण मधली झाडे आणि छपरे त्या रेषेला घासून जातात, अशा ठिकाणी दुवा अनियमित का होतो हे यावरून कळते. डोंगरमाथे आणि समुद्रावरून मेश्टॅस्टिकचे ३०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचे दुवे जुळल्याची नोंद आहे. तेच नोड रस्त्यावर हातात धरले तर दाट वस्तीत १ किलोमीटरलाही दमतात. रेडिओची शक्ती दोन्हीकडे तीच असते, फरक उंचीचा आणि मधल्या अडथळ्यांचा असतो. नोड खाली ठेवून वर अँटेनापर्यंत लांब बारीक केबल ओढणे टाळावे, कारण आरजी-१७४सारखी बारीक केबल या वारंवारतेवर दर मीटरला सुमारे १ डेसिबल खाते. नोडच वर न्यावा.

पाऊस पडला की जाळे कोलमडते अशी तक्रार आली, तर दोष पावसाच्या सरींना देऊ नये. या वारंवारतेवर पावसामुळे होणारी घट नगण्य असते. पाणी जोडणीत शिरते, त्यामुळे सिग्नल पडतो, आणि जोडणी वाळल्यावर तो आपोआप सुधारतो. ओली पालवी मात्र थोडा सिग्नल नक्की शोषते. जोडणीवर आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळणे आणि केबलला जोडणीच्या खाली एक वळसा देणे एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. मोबाइल मनोऱ्याला लागून बसवलेला उंच नोड सर्वांना ऐकू जातो पण स्वतः कोणाला ऐकत नाही, असेही होते. मनोऱ्याच्या प्रबळ सिग्नलने त्याचा रिसीव्हर बधिर झालेला असतो. तिथे त्या पट्ट्यापुरता फिल्टर बसवावा किंवा जागा बदलावी.

हवेतील गर्दी: खरे दुखणे

वरचे सर्व नीट असूनही नोड वाढल्यावर संदेश हरवत असतील तर आता गणित करावे. मेश्टॅस्टिकचा मूळ प्रीसेट ‘लाँगफास्ट’ आहे. त्यात स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल वेळेत किती ताणायचा याचे माप) ११ आणि रुंदी २५० किलोहर्ट्झ असते, आणि माहितीचा वेग सेकंदाला सुमारे १ किलोबिट पडतो. या वेगाने ५० बाइटचे छोटे पाकीटसुद्धा हवेत ०.६४ सेकंद घेते, आणि २५५ बाइटचे भरलेले पाकीट २ सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेते. जाळ्यात सगळ्यांसाठी एकच वाहिनी, म्हणजे एकच वारंवारता, आहे. एक बोलत असताना त्याच्या पल्ल्यातील बाकीच्यांना थांबावे लागते, आणि जो बोलतो त्याला त्या वेळात काहीही ऐकू येत नाही.

त्यात प्रत्येक संदेश एकदाच बोलला जात नाही. तो हॉपगणिक पुन्हा बोलला जातो. साध्या ‘क्लायंट’ भूमिकेत याचे नियंत्रण फार विचारपूर्वक केलेले आहे. संदेश ऐकल्यावर प्रत्येक नोड थोडा थांबतो. ज्याला तो क्षीण ऐकू आला, म्हणजे जो बहुधा दूर आहे, तो कमी थांबतो आणि आधी पुढे पाठवतो. ज्याला तो मोठ्याने ऐकू आला तो जास्त थांबतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी पाठवल्याचे ऐकले तर स्वतः गप्प राहतो. अशा रीतीने एका हॉपमध्ये संदेश शक्य तितका लांब जातो आणि मोजक्याच नोडना बोलावे लागते.

राउटर भूमिका ही शिस्त मोडते, आणि मुद्दामच मोडते. राउटर इतरांपेक्षा आधी बोलतो आणि दुसऱ्याने पाठवले असले तरीही तो एकदा पाठवतोच. परिसर ज्याच्या नजरेखाली आहे अशा उंच, मोकळ्या जागेवरील नोडसाठी ही भूमिका तयार केलेली आहे. तीच भूमिका घराच्या खिडकीतील नोडला दिली की दोन नुकसाने होतात. पहिले असे, की तो खिडकीतला नोड आधी बोलतो, त्याचे ऐकून टेकडीवरचा चांगला क्लायंट नोड गप्प बसतो, आणि संदेशाचा एक हॉप अवघ्या शंभर मीटरसाठी खर्च होतो. तीन हॉप असे तीन खिडक्यांत संपले की संदेश वस्तीच्या बाहेर पडत नाही. दुसरे असे, की वस्तीत पाच राउटर असतील तर ०.६४ सेकंदाचा छोटा निरोपही पाच वेळा बोलला जाऊन ३ सेकंदांहून अधिक काळ वाहिनी अडवतो. हॉप कमी पडतात असे वाटून लोक मर्यादा ७ करतात, ती येथूनच. सात हॉपचा संदेश प्रत्येक वळणावर ही किंमत पुन्हा भरतो.

माझा आग्रह असा, की ज्याच्या जागेबद्दल वाद होऊ शकतो तो नोड राउटर नसावा. संपूर्ण परिसरासाठी उंचावरचे दोन-तीन राउटर पुरतात. इतर सर्व नोड ‘क्लायंट’ असावेत, आणि एकाच इमारतीत किंवा एकाच छावणीत अनेक नोड असतील तर त्यांतील एक सोडून बाकीचे ‘क्लायंट म्यूट’ करावेत. भूमिका बदलताना लोक नाराज होतात, कारण राउटर असणे म्हणजे जाळ्याला मोठे योगदान देणे, असा समज आहे. त्यांना वरचे गणित शांतपणे समजावून सांगावे. माझ्या अनुभवात ते समजल्यावर कोणी आडून बसत नाही. हॉपची मर्यादा ३ वर परत आणावी, आणि ती वाढवण्याची गरज खरोखर आहे हे मार्ग तपासणीतून (संदेश कोणत्या नोडमार्गे गेला हे दाखवणारी सोय) सिद्ध झाल्यावरच वाढवावी.

गर्दी किती आहे हे पाहण्यासाठी प्रत्येक नोड ‘चॅनेल वापर’ हा टक्क्यांतील आकडा देतो. तो २५ टक्क्यांच्या वर जाऊ लागला की काळजी घ्यावी. फर्मवेअरही त्या सुमारास कमी महत्त्वाची पाकिटे रोखू लागते. मात्र हा आकडा कोणत्या नोडवर पाहायचा हे फार महत्त्वाचे आहे. टेकडीच्या दोन उतारांवरील नोड एकमेकांना ऐकत नाहीत, म्हणून दोघांनाही वाहिनी मोकळी वाटते आणि दोघेही एकाच वेळी बोलतात. माथ्यावरच्या राउटरकडे त्या दोन पाकिटांची टक्कर होते आणि बहुधा दोन्ही वाया जातात. उतारावरचा आकडा ८ टक्के आणि माथ्यावरचा ३५ टक्के, असे चित्र सहज असू शकते. निदान नेहमी माथ्यावरच्या आकड्यावरून करावे, आणि त्यासाठी त्या नोडला दूरस्थ प्रशासनाची, म्हणजे लांबून सेटिंग पाहू-बदलू देणारी, किल्ली आधीच दिलेली असावी. पूर आल्यावर तिथे चढून जाता येत नाही.

गर्दी कमी करताना माणसांच्या संदेशांना शेवटी हात लावावा. पहिली कात्री यंत्रांच्या बडबडीला लावावी. एका जागी बसवलेल्या नोडला आपले स्थान दर १५ मिनिटांनी सांगण्याचे काहीच कारण नाही. त्याचे स्थान निश्चित म्हणून नोंदवावे आणि प्रसारणाचे अंतर अनेक तासांचे करावे. बॅटरीची आणि हवामानाची आकडेवारीही तशीच विरळ करावी. रेंज चाचणीचे मॉड्यूल चाचणी संपल्यावर चालूच राहिलेले नाही ना, हे आवर्जून पाहावे. फर्मवेअर स्वतःही नोडची संख्या ४० च्या पुढे गेली की ही अंतरे वाढवत नेते, पण जुनी आवृत्ती असलेले नोड तसे करत नाहीत, म्हणून सर्व नोड एकाच अलीकडच्या आवृत्तीवर आणणे हा उपायाचाच भाग समजावा.

एवढे करूनही माथ्यावरचा आकडा उतरत नसेल तर प्रीसेट बदलण्याचा विचार करावा. ‘मीडियमफास्ट’मध्ये भरलेले पाकीट सुमारे ०.६४ सेकंदात आणि ‘शॉर्टफास्ट’मध्ये सुमारे ०.२ सेकंदात जाते. त्याची किंमत संवेदनशीलतेत द्यावी लागते: लाँगफास्टच्या तुलनेत मीडियमफास्टला ५ डेसिबल आणि शॉर्टफास्टला १० डेसिबल कमी पडतात. दाट वस्तीत, जिथे नोड जवळजवळ आहेत, तिथे मीडियमफास्ट हा बहुधा चांगला सौदा ठरतो. विरळ, डोंगराळ भागात लाँगफास्ट सोडू नये. हा बदल सर्वांना एकाच दिवशी करावा लागतो, कारण मागे राहिलेला नोड नव्या प्रीसेटचे काहीही ऐकत नाही. आपत्ती चालू असताना प्रीसेटला हात लावू नये.

देवनागरी संदेशांचे वजन

मराठीत निरोप पाठवणाऱ्यांसाठी हा मुद्दा वेगळा सांगावा लागतो. अ‍ॅपमध्ये संदेशाची मर्यादा अक्षरांत नसून बाइटमध्ये, साधारण २०० बाइटच्या आसपास असते. देवनागरीतील प्रत्येक व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त स्वतंत्रपणे मोजला जातो आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात. म्हणजे जास्तीत जास्त ६६ चिन्हे. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात सात चिन्हे आहेत आणि तो २१ बाइट घेतो. ‘पूल बंद, पाणी वाढले’ हा निरोप ४९ बाइटचा होतो. त्यावर पाकिटाचे शीर्ष आणि इतर बांधणी धरली तर तो लाँगफास्टवर प्रत्येक हॉपला सुमारे पाऊण सेकंद हवेत राहतो. देवनागरी अंकही ३ बाइटचा असतो, तर इंग्रजी अंक (0 ते 9) एकाच बाइटचा.

म्हणून नेहमीच्या निरोपांसाठी अंकी संकेत ठरवावेत: पूल बंद, रस्ता खुला, रुग्णवाहिका हवी, पाणी ओसरले, सर्व सुखरूप, अशा नेमक्या अर्थांना दोन आकडी क्रमांक द्यावेत आणि त्यांची छापील यादी प्रत्येक नोडच्या डबीवर चिकटवावी. संकेतात न बसणारी गोष्ट मात्र लोकांना मराठीतच लिहू द्यावी. घाबरलेल्या माणसाने परक्या लिपीत बाइट वाचवत बसावे ही अपेक्षा चुकीची आहे. हवेतली जागा आपण आकडेवारीची बडबड थांबवून आधीच मोकळी केलेली असते, ती त्याच्यासाठीच.

थेट संदेशच जात नसेल तर

चॅनेलवरचे संदेश जातात आणि एकाच व्यक्तीला पाठवलेले जात नाहीत, असे असेल तर दोष बहुधा किल्लीचा असतो. आवृत्ती २.५ पासून थेट संदेश प्रत्येक नोडच्या स्वतंत्र सार्वजनिक किल्लीने बंद केले जातात. समोरच्याने नोड मूळ स्थितीत आणला किंवा त्याचे फर्मवेअर पूर्ण पुसून नव्याने चढवले, तर त्याची किल्ली बदलते आणि तुमच्याकडे जुनीच राहते. अ‍ॅपमध्ये नावापुढे लाल किल्ली दिसते ती याचसाठी. ती व्यक्ती खरोखर तीच आहे याची दुसऱ्या मार्गाने खात्री करावी, तिचा नोड यादीतून काढावा आणि ओळख पुन्हा मागवावी. नोडच्या यादीला मर्यादा असते आणि ती भरली की जुने नोड गळतात, त्यांच्याबरोबर त्यांच्या किल्ल्याही जातात. म्हणून समन्वयकांचे नोड आवडत्यांत नोंदवून ठेवावेत. प्रत्येक महत्त्वाच्या नोडच्या किल्लीची प्रत सुरक्षित जागी असावी.

फोन आणि नोड यांच्यातील ब्लूटूथ तुटल्यानेही संदेश ‘आला नाही’ असे वाटते. फोनची बॅटरी बचत अ‍ॅपला झोपवते, संदेश नोडमध्ये पडून राहतात, आणि तिथली रांग छोटी असल्याने फोन फार वेळ दूर राहिला तर जुने संदेश पुसले जातात. त्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळावे.

वीज

ईएसपी३२ चिपवरील नोड एनआरएफ५२८४० चिपवरील नोडपेक्षा कितीतरी पट जास्त वीज खातो. एकाच बॅटरीवर पहिला साधारण दिवसभर आणि दुसरा अनेक दिवस चालतो. उंचावरचे सौर नोड दुसऱ्या प्रकारचेच असावेत, आणि सलग ढगाळ दिवस गृहीत धरून बॅटरी निवडावी. पॉवर बँकेवर नोड चालवताना तो काही वेळाने गूढपणे बंद पडत असेल, तर नोड इतकी कमी वीज ओढतो की पॉवर बँकेला काहीच जोडलेले नाही असे वाटून ती स्वतःला बंद करते. कमी प्रवाहावरही चालू राहणारी पॉवर बँक घ्यावी.

पुन्हा चाचणी कशी घ्यावी

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, त्याच नोडच्या जोड्यांत थेट संदेश पाठवून पोच मोजावी. जी जोडी नापास होते तिच्यासाठी मार्ग तपासणीची सोय वापरावी. ती प्रत्येक टप्प्यावरील नोडचे नाव आणि त्या टप्प्याचा सिग्नल व गोंगाट यांतील फरक जाता-येता दोन्ही दिशांना दाखवते. ही तपासणीही हवा व्यापते, म्हणून ती सर्वांनी एकदम करू नये.

आकडे वाचताना लक्षात ठेवावे, की लोरा गोंगाटाच्या खाली बुडालेला सिग्नलही उचलतो; लाँगफास्टमध्ये उणे १७.५ डेसिबलपर्यंत पाकीट उलगडू शकते. म्हणून उणे ५ किंवा उणे ८ पाहून तो दुवा कमजोर ठरवू नये. उणे १५ च्या खालचा टप्पा मात्र आज चालला तरी पालवी भिजल्यावर तुटेल, असे धरून चालावे. जाण्याच्या दिशेला उणे ६ आणि येण्याच्या दिशेला उणे १६ असा मोठा फरक दिसला तर ज्या टोकाला कमी ऐकू येते तिथल्या गोंगाटाचा शोध घ्यावा. सौर चार्ज कंट्रोलर आणि स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर या दोन वस्तू प्रथम बंद करून पाहाव्यात. दोन्ही दिशा सारख्याच क्षीण असतील तर त्या टप्प्यावरचा अँटेना वर न्यावा किंवा मध्ये एक क्लायंट नोड ठेवावा. आणि मार्गातील सगळे टप्पे सशक्त असूनही पोच येत नसेल, तर माथ्यावरच्या नोडचा चॅनेल वापर पुन्हा पाहावा आणि कोणी भूमिका परत राउटर केली आहे का, हे एकेका नोडवर तपासावे.